डास मारायला डासच! हवाईच्या जंगलात नेमकं काय चाललंय?

अमेरिकेच्या हवाई बेटांवर २०२३ पासून हेलिकॉप्टरमधून लाखो डास मुद्दाम सोडले जात आहेत. कारण आहे पक्ष्यांचा मलेरिया.

हा आजार काय आहे?
'प्लास्मोडियम रेलिक्टम' हा परजीवी पक्ष्याच्या तांबड्या रक्तपेशींत वाढतो आणि त्या फोडतो. पक्ष्याचं रक्त कमी होतं. माणसाला याची लागण होत नाही. तो पसरवतो क्युलेक्स डास, आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा तोच! डासांमुळे पक्ष्यांना मलेरिया होतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यातच दाखवून दिलं होतं.

हवाईतच एवढा फटका का?
तिथे १८२६ च्या सुमारास जहाजांतून आले, तोवर डासच नव्हते. त्यामुळे पक्ष्यांमध्ये प्रतिकारशक्ती तयारच झाली नाही. प्रयोगात लाल रंगाच्या 'इईवी' पक्ष्याला एकदाच डास चावला, तरी दहापैकी नऊ पक्षी दगावले. २०२३ मध्ये अमेरिकेने हवाईतल्या आठ पक्षी-प्रजाती नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

उरलेले पक्षी उंच डोंगरांवर तगून आहेत, कारण थंडीत परजीवी वाढत नाही. पण तापमान वाढतंय आणि डासही वर सरकतायत.

मग आणखी डास कशाला?
सोडलेले डास नर आहेत, ते चावत नाहीत. त्यांच्यात वोल्बाकिया जिवाणूचा वेगळा प्रकार असतो. त्यांच्याशी मिलन झालेल्या जंगलातल्या मादीची अंडी उबतच नाहीत.

मात्र नर सोडणं थांबलं, की डास पुन्हा वाढणार. म्हणजे हा कायमचा इलाज नाही, पक्ष्यांसाठी मिळवलेला वेळ आहे.