शनिवारी अकरा वाजता, गाडीत

मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात एका मित्राने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्ही दोघं कुणा काउन्सेलरकडे जाता म्हणे. नंबर दे ना." नंबर दिला. पण नुसत्या नंबरने काम होत नाही, हे आम्ही एकदा हात पोळून शिकलो आहोत. म्हणून या वेळचं सदर त्यावर. बायकोने मजकूर आधी वाचलाय आणि त्यातली दोन वाक्यं खोडलीत.

आमचं झालं ते असं. आई घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आम्ही गच्चीबावलीचा फ्लॅट सोडून काचीगुड्याच्या घरी परत आलो. दोघांची ऑफिसं तिकडेच राहिली. मी "सहा महिने" म्हटलं होतं, त्याला दोन वर्षं झाली. बायको विचारायची, पुढचं काय ठरलंय? मी लॅपटॉप उघडायचो. मोठं भांडण कधी झालंच नाही. ती दोन-तीनदा विचारायची, मग गप्प व्हायची, आणि मला वाटायचं, चला, मिटलं. एका रात्री ती म्हणाली, "आपण कुणा तिसऱ्याशी बोलूया." मला पहिल्यांदा वकीलच आठवला.

आपल्या घरांत हे असंच होतं. 1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आली आणि समुपदेशक हा शब्द बऱ्याच जणांनी तिथल्या तारखांबरोबरच ऐकला. घर मोडायला आलेलं नसतानाही कुणी जातं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पहिल्यांदा नात्यातल्या एका काकांच्या ओळखीने गेलो. दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा बायकोला "थोडं ॲडजस्ट करायला हवं" असं सांगण्यात आलं, आणि मी, खरं सांगतो, मनातून सुखावलो. पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. बायको बंद दाराआड जे बोलली होती, ते त्यांना ठाऊक होतं. ती त्यानंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. तिला माझ्यासमोर बोलायला धीर लागला होता आणि तो आम्ही वाया घालवला.

मग मी इंजिनिअर करतो तेच केलं. एक्सेल शीट. त्यातून एवढं कळलं: सायकियाट्रिस्ट हे एमडी झालेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येते. 'काउन्सेलर' या पाटीमागे मात्र मानसशास्त्रातली एमए असू शकते, समाजकार्याची पदवी असू शकते किंवा चार दिवसांचा कोर्सही असू शकतो. त्यामुळे पदवी विचारायला लाजू नका. मी पाच जणांना फोन केले. जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं शिक्षण घेतलंय का? आमच्यातला एक जण एकटा काही बोलला, तर ते दुसऱ्याला सांगता का? घरचं कुणी फोन करून विचारलं तर काय सांगता? शेवटच्या प्रश्नावर एक जण चिडले. त्यांचं नाव शीटमधून गेलं.

बायकोने शीट पाहिली आणि माझ्या हातून सुटलेला एक कॉलम घातला: भाषा. "मला राग मराठीत येतो," ती म्हणाली. माझं मराठी तेलुगू, दख्खनी मिसळलेलं, तिचं नांदेडचं. पण इंग्रजीत बोलताना आम्ही दोघंही मीटिंगमध्ये असल्यासारखे शहाणे होतो, हे खरंच. शेवटी मराठी बोलणाऱ्या एक ताई ऑनलाइन मिळाल्या. पन्नास मिनिटांचे दीड हजार. महाग वाटलं, पण दर रविवारी बाहेर जेवून गप्प बसण्याला तेवढेच जात होते.

आता अडचण जागेची. घरात पाच माणसं, भिंती पातळ. म्हणून शनिवारी सकाळी अकरा वाजता आम्ही सुंदरय्या पार्कजवळ गाडी लावतो, फोन डॅशबोर्डवर टेकवतो आणि काचा वर करतो.

ताई सल्ला फार देत नाहीत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने आधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मग उत्तर द्यायचं. सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मला तीन वेळा करून जमलं नाही. ती म्हणाली होती, "मला इथे पाहुणी असल्यासारखं वाटतं." मी ऐकलं ते, "तुझी आई मला नको." जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं चित्रित करून अभ्यासली. नात्याला घातक म्हणून त्यांनी चार सवयी मांडल्या: टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि गप्प राहून भिंत घालणं. चौथी माझी. मी तिला शांत स्वभाव म्हणत होतो.

एक गोष्ट हलकी घेऊ नका. घरात मारहाण असेल, धाक असेल, तर असं दोघांनी मिळून बसणं ही पहिली पायरी नाही. तिथे एकटीने मदत घ्यावी. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

मध्यंतरी आईने विचारलंच, "दर शनिवारी अकरा वाजता तुम्ही दोघं कुठे जाता?" मी भाजीचं काहीतरी पुटपुटलो. बायकोने सरळ सांगितलं, "आई, आम्ही नीट बोलायला शिकतोय, एका बाईंकडे." आई बराच वेळ मटार सोलत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पायामुळेच का?" त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिघं घराबद्दल बोललो.

अजून काही ठरलेलं नाही. बरकतपुऱ्यात, चालत दहा मिनिटांवर, एक भाड्याचा फ्लॅट पाहून आलोय. लिफ्ट आहे, आईला येता येईल. बाबांना पसंत नाही. येत्या शनिवारी ताईंसमोर तोच विषय आहे आणि सुरुवात मी करायची, असं ठरलंय.