अजिंठ्याच्या भिंती व विद्वानांचे हात

मुलगा फार शिकला की हाताबाहेर जातो, असे बोलणे आमच्या सिल्लोडच्या बाजारात आजही कानी पडते. ज्या घरांत शेकडो वर्षे अक्षर शिरू दिले नाही, त्या घरांस विद्येची भीती घालणे हे जुनेच कपट होय. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हाही हीच भीती घातली गेली. तिला उत्तर देण्यात आम्ही शाई खर्च करीत नाही. परंतु विद्येत धोका मुळीच नाही, असे सांगणेही खोटे होईल. तो कोठे आहे हे पाहावयाचे तर आमच्या तालुक्यातील अजिंठा गावावरून घाट उतरावा आणि वाघूर नदीकाठच्या लेण्यांत जावे.

तेथील भिंतींचा गिलावा आपणांस परका नाही. माती, साळीचा भुसा व गवताचे तंतू मळून केलेला लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वर गेरू, पिवळी माती, काजळी असले रंग. आपल्या आयाबहिणी भिंती लिंपतात त्याच जातीचे हे काम, मात्र पराकाष्ठेस नेलेले. ते करणाऱ्या चिताऱ्यांची व गवंड्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. जॉन स्मिथ नामक इंग्रज लष्करी अंमलदाराचे नाव मात्र सर्वांस ठाऊक आहे. कारण १८१९ च्या २८ एप्रिलास शिकारीच्या नादात तो तेथे पोहोचला व दहाव्या लेण्यातील रंगविलेल्या खांबावर आपले नाव कोरून गेला!

स्मिथ शिपाईगडी, त्यास सोडून देऊ. पण त्याच्यामागून विद्वान आले. डॉ. बर्ड या पंडिताने सतराव्या लेण्यातील चक्राच्या चित्रातून आकृती सोलून काढविल्या. त्या संग्रहालयात जतन व्हाव्यात हा हेतू. हाती आला तो चुरा. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून कित्येक वर्षे घाम गाळून नकला केल्या. त्या लंडनास गेल्या व १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह १८७२ पासून राबले. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर रोगण फिरले, आणि त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनातच भस्म झाल्या. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे उपकारच म्हटले पाहिजेत. पण वरून दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले, धूळ धरून काळवंडले. ते उतरविण्यास आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना इंच इंच झटावे लागले.

शेतकरी बंधूंनो, यांत चित्रांचा वैरी एकही नव्हता. स्मिथ वगळता सारे शिकलेले, कष्टाळू, प्रेमाने आलेले. माझे अनुमान चुकले तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न तेवढा त्यांनी आधी विचारला नाही. चूक पंडिताची व भोग भिंतीचा, असा हा व्यवहार झाला. भिंतीच्या जागी रान, बी किंवा रोग्याचे शरीर असते तरी तोच झाला असता. उद्या आपलीच मुले शेतकी अधिकारी, डॉक्टर, संशोधक होऊन गावात येतील. तीही असाच हात टाकणार काय? वर्गात लेण्यांचा धडा शिकविताना आम्ही आधी हात मागे बांधावयास लावतो व मग डोळे उघडावयास सांगतो. पोरे हसतात, हसोत.

आणि आजही शहरांतून जिज्ञासू मंडळी खेडोपाडी येतात. म्हाताऱ्यांच्या ओव्या, जुनी कागदपत्रे, घरचे बियाणे घेऊन जातात. त्यांस भाकरी द्यावी, माहितीही द्यावी. विद्येस आडकाठी करणे आपणांस शोभत नाही. पण कागदाची मूळ प्रत घरातच राहावी, नक्कल त्यांनी न्यावी. जे लिहितील त्याची एक मराठी प्रत गावच्या शाळेत यावी, आणि ज्या बाईने ओवी सांगितली तिला विचारून तिचे नाव त्यावर छापावे. एवढे मागणाऱ्या कुणब्यास कोणी अडाणी अगर उद्धट म्हणू लागले, तर प्रत हाती येईपर्यंत बाडाची गाठ सोडू नये.