गुंतवणुकीचा निर्णय आणि मनाचा तोल

बंगळुरू शहराच्या पूर्वेला असलेले व्हाइटफील्ड हे १८८२ साली अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीसाठी वसविण्यात आलेले एक शांत खेडे होते. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि त्यानंतर या परिसराचा कायापालट झाला. आज पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथून गेलेल्या अनेक मराठी अभियंत्यांसह देशभरातील हजारो तरुण तेथे नोकरी करतात. चांगला पगार, हातातील मोबाइलवर उघडलेले डिमॅट खाते आणि दुपारच्या जेवणाच्या सुटीत चालणारी शेअर बाजाराची चर्चा हे तेथील जीवनाचे नित्याचे अंग झाले आहे. त्यामुळेच गुंतवणूक करताना भावनांवर ताबा कसा ठेवावा, हा प्रश्न तेथे केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

पिढ्या बदलल्या, चूक तीच

बाजारातील भावनांचे चक्र नवे नाही. २००० सालच्या फेब्रुवारीत माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांवर स्वार होऊन सेन्सेक्सने ६,००० चा टप्पा ओलांडला होता. सप्टेंबर २००१ मध्ये तो २,६०० च्या आसपास घसरला. जानेवारी २००८ मध्ये निर्देशांक २१,००० च्या वर होता. त्याच महिन्यात रिलायन्स पॉवरच्या प्रारंभिक समभाग विक्रीला सुमारे ७३ पट मागणी आली. मात्र फेब्रुवारीत नोंदणीच्या पहिल्याच दिवशी हा समभाग विक्री किमतीच्या खाली बंद झाला. ऑक्टोबर २००८ मध्ये सेन्सेक्स ८,००० च्याही खाली गेला होता.

कोरोनाच्या काळात याची पुनरावृत्ती झाली. २३ मार्च २०२० रोजी एकाच दिवसात सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २६,००० च्या खाली बंद झाला. त्या दिवशी घाबरून विक्री करणाऱ्यांना दहाच महिन्यांत, म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये, तोच निर्देशांक ५०,००० ला स्पर्श करताना पाहावा लागला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३९० अंकांनी घसरला आणि दुसऱ्याच दिवशी २,३०० अंकांनी सावरला. देशातील कंपन्यांचे कारखाने, ग्राहक वा नफा एका रात्रीत बदललेला नव्हता. बदलली होती ती गुंतवणूकदारांची मनःस्थिती.

समोर माणूस नाही, यंत्र आहे

या विषयातील सर्वांत बोलकी आकडेवारी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. त्याहून चिंताजनक बाब अशी, की सलग दोन वर्षे तोटा सोसूनही त्यातील ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी हे व्यवहार सुरूच ठेवले. ३० वर्षांखालील व्यवहारकर्त्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

याच काळात नफा कमावणाऱ्या परकीय गुंतवणूक संस्था आणि मोठ्या दलाली पेढ्यांचा बहुतांश नफा संगणकीय प्रणालीद्वारे केलेल्या व्यवहारांतून आला, असेही सेबीने नमूद केले आहे. दिवसभर संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा तरुण संध्याकाळी गेलेले पैसे परत मिळविण्याच्या ईर्षेने ज्या बाजारात उतरतो, तेथे त्याच्यासमोर भीती, लोभ वा ईर्षा नसलेली आज्ञावलीच उभी असते, हा यातील विरोधाभास आहे.

सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आणि प्रत्येक शेअर बाजारात साप्ताहिक मुदतीचे करार एकाच निर्देशांकापुरते मर्यादित केले. तरीही २०२४-२५ या वर्षात ९१ टक्के व्यक्तींना तोटाच झाला आणि त्यांची निव्वळ हानी १ लाख ५ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली. नियमांमुळे मोहाचे दार अरुंद होते, मोह मात्र संपत नाही.

मन असे का वागते?

डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, समान रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोटा मान्य करणे टाळण्यासाठी गुंतवणूकदार घसरलेले समभाग वर्षानुवर्षे सांभाळून ठेवतो आणि वधारलेले मात्र घाईने विकून टाकतो. अमेरिकेतील ६६ हजारांहून अधिक कुटुंबांच्या १९९१ ते १९९६ मधील व्यवहारांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला सरासरी ११.४ टक्के, तर बाजाराला १७.९ टक्के परतावा मिळाल्याचे त्यात आढळले. अतिआत्मविश्वासाची ही किंमत होती.

व्हाइटफील्डमधील विशेष जोखीम

व्हाइटफील्डसारख्या भागात याला आणखी एक पदर आहे. तेथील कर्मचाऱ्याचा पगार माहिती-तंत्रज्ञान उद्योगातून येतो, कंपनीकडून मिळालेले समभागही त्याच उद्योगाचे असतात आणि कर्ज काढून घेतलेल्या सदनिकेची किंमतही त्याच उद्योगाच्या भरभराटीवर अवलंबून असते. मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली, तशी 'आता घेतले नाही तर कधीच परवडणार नाही' ही भावनाही घरखरेदीत बळावली. ओळखीच्या क्षेत्राविषयी वाटणारा विश्वास स्वाभाविक असला, तरी ओळख म्हणजे सुरक्षितता नव्हे.

२०२२ मध्ये याचा प्रत्यय आला. निफ्टी निर्देशांक त्या वर्षी सुमारे चार टक्के वाढला, तर माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचा निर्देशांक सुमारे २६ टक्के घसरला. त्याच वर्षाच्या अखेरीस आणि २०२३ च्या प्रारंभी मेटा, ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी जगभर मोठी नोकरकपात जाहीर केली. समभाग घसरलेले, नोकरी डळमळीत आणि घराचा हप्ता मात्र चालूच, अशा स्थितीत शांतपणे विचार करा हा सल्ला निरुपयोगी ठरतो. अशा वेळी विक्री केवळ भीतीपोटी होत नाही, गरजेपोटीही होते.

निर्णय आधीच घ्यावा

म्हणूनच भावनांवर ताबा मिळविण्याचा मार्ग मनोनिग्रहापेक्षा पूर्वतयारीतून जातो. किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बाजाराबाहेर असेल, तर पडझडीत समभाग विकण्याची सक्ती होत नाही. नियोजित गुंतवणूक दरमहा ठरलेल्या तारखेला आपोआप होत असेल, तर रोजच्या बातम्यांनुसार निर्णय बदलत नाही. कोणता समभाग का घेतला आणि कोणत्या परिस्थितीत विकायचा, हे खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवले, तर तोट्याच्या क्षणी मनाला नवी सबब शोधता येत नाही.

सूचीबद्ध कंपनीकडून मिळालेल्या समभागांबाबत एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. समभाग हाती येतात, तेव्हा त्यांच्या मूल्यावर पगाराप्रमाणेच कर लागतो. तेवढी रक्कम रोख मिळाली असती, तर त्यातून आपल्याच कंपनीचे समभाग विकत घेतले असते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ते राखून ठेवण्यामागे हिशेबापेक्षा सवय आणि आपुलकीच अधिक आहे, असे समजावे.

बाजारातील पुढची घसरण केव्हा होईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. मात्र त्या दिवशी आपण काय करणार, हे आज ठरविणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.