निर्विवादतेचा अधिकार

अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रतिष्ठित संस्थेने 2007 साली हवामानबदलाविषयी एक निवेदन संमत केले आणि त्यात, पृथ्वीचे तापमान वाढत असल्याचा पुरावा ‘इनकॉन्ट्रोव्हर्टिबल’ आहे, म्हणजे त्याविषयी वादच संभवत नाही, असे नमूद केले. त्या एका विशेषणावरून सुरू झालेली खडाजंगी पुढे अनेक वर्षे शमली नाही. 1973 सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी इव्हार गेव्हर यांनी 2011 च्या सप्टेंबरात सदस्यत्वाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हीच होती की, ज्या संस्थेत प्रोटॉनचे वस्तुमान कालपरत्वे बदलते काय, याचीदेखील चर्चा करण्याची मुभा आहे, तेथे याच एका विषयाला चर्चेची मनाई का असावी.

गेव्हर यांचे हवामानविषयक मत मला सर्वथा अमान्य आहे. तापमानवाढीचा पुरावा तेव्हाही भक्कम होता आणि आज तो अधिकच भक्कम झाला आहे. परंतु त्या विशेषणावरील त्यांचा आक्षेप मी ग्राह्य मानतो. त्यांच्या राजीनाम्यापूर्वीच, 2010 साली, खुद्द संस्थेने निवेदनाला पुरवणी जोडून मान्य केले होते की, प्रचलित कल्पनांना प्रश्न विचारणे हा विज्ञानाचा स्वभाव असल्यामुळे हा शब्द विज्ञानात क्वचितच योजला जातो. आणि त्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेली 0.74 अंश सेल्सियसची वाढ, मोजमापातील संभाव्य तफावतीसह, आकड्यांत मांडली होती. हे आकडे मूळ मसुद्यातच असते, तर त्या विशेषणाची गरज कुणाला भासली असती?

इंग्रजी भाषेत निःसंशयता व्यक्त करणाऱ्या विशेषणांची वाण नाही. इनड्यूबिटेबल, अनडिनायेबल, इररिफ्यूटेबल, अनइक्विव्होकल ही सारी नकारार्थी उपसर्ग लावून घडलेली आहेत. मात्र त्यांच्यात एक भेद आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. काही विशेषणे पुराव्याचे वर्णन करतात, तर काही प्रतिपक्षाला गप्प बसण्याची ताकीद देतात. त्याच 2007 साली आंतरसरकारी हवामानबदल मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, तापमानवाढ ‘अनइक्विव्होकल’, अर्थात असंदिग्ध, असल्याचे म्हटले. सांगणे तेच होते. पण येथील विशेषण निरनिराळी निरीक्षणे एकाच दिशेला निर्देश करतात एवढेच सांगत होते, कुणाचा बोलण्याचा हक्क हिरावून घेत नव्हते.

शिवाय ते विशेषण या मंडळाने तापमानवाढीपुरतेच वापरले होते. वाढीचे कारण मनुष्य आहे काय, या प्रश्नाला ते लावण्यास आणखी चौदा वर्षे लागली. 1995 च्या नोव्हेंबरात माद्रिद येथे याच मंडळाच्या बैठकीत निरनिराळ्या सरकारांचे प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले, प्रत्येक शब्दावर घासाघीस झाली, आणि अखेरीस मानवी प्रभाव ‘डिसर्निबल’, म्हणजे जाणवण्याजोगा, आहे एवढ्यावरच सहमती झाली. 2001 साली तो प्रभाव ‘संभाव्य’ ठरला. 2007 साली ‘अतिशय संभाव्य’, ज्याचा अर्थ नव्वद टक्क्यांहून अधिक शक्यता असा मंडळाने स्वतःच बांधून दिला होता. 2013 साली ही शक्यता पंचाण्णव टक्क्यांपलीकडे गेली. आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये, माद्रिदनंतर पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, मानवी प्रभावाला ‘असंदिग्ध’ हे विशेषण लागले. प्रत्येक पायरीला तारीख आहे, आणि ती पायरी कोणत्या पुराव्याच्या बळावर चढली गेली, याचे दप्तर कुणालाही उघडून पाहता येते. निःसंशयतेचा अधिकार असाच मिळवावा लागतो.

तो एका रात्रीत घेतला की काय होते, याचाही दाखला आहे. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या कथित संहारक शस्त्रांची कैफियत मांडली आणि दुसऱ्याच दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ‘इररिफ्यूटेबल’ या एकाच शब्दाच्या मथळ्याचा अग्रलेख छापला. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. 2004 साली अमेरिकेच्याच तपास पथकाने शस्त्रांचे साठे नसल्याचा अहवाल दिला. ज्याचे खंडन होऊ शकत नाही असे म्हटले गेले, त्याचे खंडन दोन वर्षांच्या आत झाले. परंतु तोवर असंख्य माणसे प्राणांस मुकली होती.

म्हणून आपल्या वृत्तपत्रांकडे माझी एक आग्रहाची मागणी आहे. निसर्ग आणि तौक्ते ही वादळे कोकणाने 2020 आणि 2021 या लागोपाठच्या वर्षांत सोसली, आणि तेव्हापासून वादळांची संख्या वाढली ती हवामानबदलामुळेच, असे निःशंकपणे लिहिले-बोलले जाते. ज्या 2021 च्या अहवालाने मानवी प्रभाव असंदिग्ध ठरवला, त्याच अहवालाने जगातील चक्रीवादळांच्या एकंदर संख्येतील दीर्घकालीन कलाविषयी आपली खात्री कमी असल्याचे सांगितले आहे, आणि तीव्र वादळांचे प्रमाण गेल्या चार दशकांत वाढले असणे संभाव्य आहे, असेही सांगितले आहे. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागायतदाराला, कोसळलेल्या झाडांच्या जागी पुन्हा काय लावावे याचा निर्णय करायचा असतो. त्याच्यापुढे या तिन्ही गोष्टी एकाच मजकुरात, प्रत्येकीची खात्री किती तेही सांगून, छापल्या गेल्या पाहिजेत.