उमेद कागदावर घ्या

लालबाग-परळमध्ये सध्या एक वाक्य पुन्हा कानावर पडतंय : “मार्केट उघडलंय, आता बघा.” गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत बसणारे सॉफ्टवेअरवाले, जाहिरातवाले, मार्केटिंगचे साहेब हे बोलतायत. ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांनीही चटके सोसलेत. २०२२च्या अखेरीपासून मेटा, ॲमेझॉन, गूगलने हजारोंनी माणसं घरी बसवली आणि इथल्या कंपन्यांनीही हात आखडले. मग २२ सप्टेंबर २०२५पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. माल खपेल असं वाटलं की जाहिरातीचा हात सैल होतो. चांगलंच आहे.

पण त्यांची उमेद आपल्या गाळ्यापर्यंत आणि आपल्या पोरांच्या पगारापर्यंत पोचते का, हे आधी तपासून घ्या. त्याच २०२५च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करायचं ठरवलं. नोव्हेंबरात ओम्निकॉमने आयपीजी ही जाहिरात कंपनी गिळली आणि डीडीबी, एफसीबी अशी जुनी नावं मोडीत निघाली. कमी माणसांत जास्त काम उरकेल, हीसुद्धा साहेबांच्या लेखी चांगली बातमीच असते. त्यांना दिसणाऱ्या चांगल्या दिवसांत तुमची खुर्ची असेलच असं नाही.

हे मला माझ्या गाळ्याने शिकवलं. मी परळला फ्लेक्स छापतो. गणपतीआधीचे दोन महिने हेच आमचं वर्ष. मंडपाच्या वाटेवर जेवढ्या कमानी, तेवढ्या जाहिराती. २०२०मध्ये कोरोनामुळे, १९३४पासून बसणारा लालबागचा राजाच बसला नाही. मंडळाने त्याऐवजी रक्तदान ठेवलं. कमानी नाहीत, म्हणून छपाई नाही. शाई सुकून हेड चोंदू नये म्हणून दर दोन-तीन दिवसांनी गाळा उघडायचा, मशीन चालवायचं, कोऱ्या कापडावर चार रंगांच्या पट्ट्या काढायच्या आणि शटर ओढून घरी यायचं.

कोरोनात गणेशमूर्तीच्या उंचीवर घातलेली मर्यादा २०२२मध्ये उठली आणि फोन वाजू लागले. एका मार्केटिंग कंपनीतला तरुण साहेब म्हणाला, “काका, यंदा जोरात करायचंय. छापायला घ्या, पीओ (लेखी ऑर्डर) मागून पाठवतो.” मी हरखलो. रोल उधारीवर उचलले, तीन रात्री मशीन बंद केलं नाही, कडा चिकटवल्या, रिंगा मारल्या, माल पोचवला. विसर्जन झालं. साहेब नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेला म्हणाला, “कागद कुठंय?” बिल पुढच्या गणपतीपर्यंत लटकलं आणि शेवटी निम्मंच मिळालं. चूक त्या पोराची होतीच, पण माझीही होती. त्याच्या उत्साहालाच मी ऑर्डर समजलो.

म्हणून धंदेवाल्या भावा-बहिणींनो, कितीही ओळखीचा साहेब असला तरी दर, नग, तारीख मेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. कच्च्या मालाचे पैसे आगाऊ घ्या. उद्यम नोंदणी करा. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, एजंटला पैसे मोजू नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा २००६चा कायदा आहे. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मात्र, नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला हे संरक्षण नाही.

नोकरी शोधणाऱ्या पोरांनो, सीटीसीचा आकडा ऐकून पेढे वाटू नका. हातात किती येणार आणि ‘व्हेरिएबल’ म्हणून किती टांगून ठेवलंय, ते विचारा. नव्या कंपनीचं नेमणूकपत्र मिळाल्याशिवाय जुन्या कंपनीकडे राजीनामा टाकू नका. पीएफचं पासबुक मोबाईलवर बघत जा, कापलेले पैसे भरले जातायत ना? ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेल्या डिजिटल मार्केटिंगच्या क्लासची फी कर्जाने भरण्याआधी तिथून मागच्या वर्षी निघालेल्या दोन पोरांना गाठा. आणि रीडेव्हलपमेंटच्या भाड्याचा चेक येतोय म्हणून गाडीचा हप्ता अंगावर घेऊ नका.

कुणी म्हणेल, म्हातारा भीती घालतोय. तसं नाही. आमच्या गिरणगावाला उमेदीची किंमत ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आज ना उद्या भोंगा वाजेल, या आशेवर आमच्या चाळीतली माणसं कित्येक महिने गेटकडे डोळे लावून होती. ती वेडी नव्हती. पण त्यांची आशा दुसऱ्याच्या हातात होती.

याच गिरणगावात संपाच्या आधीच, १९७५मध्ये, प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बाया वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात पिचलेल्या होत्या. प्रेमाताईंनी त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्यांच्या कष्टाची कुठे नोंदच नव्हती, त्यांचं नाव बँकेच्या वहीत लागलं. चांगले दिवस येतील, असं त्यांनाही वाटत असणारच. पण त्यांनी आधी वही उघडली.

परवा पुन्हा फोन आला. दुसरी कंपनी, दुसरा पोरगा, उत्साह तोच. “काका, यंदा जोरात आहे.” मी म्हटलं, “गणपतीबाप्पा तुमचं भलं करो. मेल टाका, आगाऊ पाठवा, तोवर मी मशीन तापत ठेवतो.”