विश्लेषण : सुरक्षा पट्टा असूनही कामगार उंचावरून का पडतात?

पावसाळा तोंडावर आला की शहरांतील जुन्या सोसायट्यांभोवती बांबूच्या परांच्या उभ्या राहतात. गिलावा, वॉटरप्रूफिंग, रंगकाम सुरू होते. या कामांत कोणी पडून दगावले की पहिली विचारणा असते, ‘त्याने पट्टा लावला होता का?’ सुरक्षेच्या नियमांत मात्र पट्ट्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो.

पट्टा शेवटचा उपाय का?

ब्रिटनच्या २००५ च्या नियमावलीने उंचावरील कामासाठी तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली, उंचीवर चढणेच टाळा. उदाहरणार्थ, लोखंडी जाळ्या जमिनीवरच रंगवून मग बसवणे. दुसरी, चढावेच लागले तर पडणार नाही अशी सोय करा : मजबूत परांची, कठडे. तिसरी, पडलाच तर इजा कमी व्हावी म्हणून जाळी आणि पट्टा. कठडा तिथल्या प्रत्येकाचे आपोआप रक्षण करतो. पट्टा मात्र प्रत्येक वेळी, प्रत्येकाने, योग्य जागी अडकवावा लागतो.

पट्टा कुठे कमी पडतो?

पहिला प्रश्न तो अडकवायचा कशाला, हा. बांधकामाच्या जागी अशा प्रत्येक बिंदूने एका कामगारामागे सुमारे २,२७० किलो भार पेलावा, असा अमेरिकेतील दंडक आहे. खिडकीचे ग्रिल किंवा पाण्याचा पाइप त्यासाठी चालत नाही. 

दुसरा प्रश्न खाली उरणाऱ्या जागेचा. दोर दोन मीटरचा, झटका शोषणारा भाग उलगडून आणखी पावणेदोन मीटर, पट्ट्याच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि राखीव एक मीटर धरला, तर दोर बांधल्याच्या बिंदूखाली सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणारा कामगार पट्टा असूनही जमिनीवर आदळू शकतो. तिथे आखूड दोर किंवा आपोआप आवळणारा दोर हवा. 

नुसता कमरपट्टाही धोक्याचा. सारा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. पडणाऱ्याला रोखण्यासाठी कमरपट्टा वापरण्यास अमेरिकेत बांधकामावर १९९८ पासून बंदी आहे. खांदे आणि मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा लागतो. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घेण्याची तयारीही आधीच हवी, कारण लटकत्या अवस्थेत रक्ताभिसरण बिघडून जीव जाऊ शकतो.

पत्र्यांवर धोका वेगळा का?

गोदामे आणि कारखान्यांवरील सिमेंटचे पत्रे माणसाचे वजन पेलतीलच असे नाही. जुना पत्रा वरून शाबूत दिसतो आणि पाऊल पडताच फुटतो. तिथे वजन विभागणाऱ्या फळ्या आणि खाली जाळी हवी.

कायदा काय सांगतो?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बांधकामावर २५० किंवा अधिक कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी बंधनकारक आहे. कर्तव्यातील कसुरीमुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. 

मात्र दहापेक्षा कमी कामगारांचे काम संहितेतील बांधकामाच्या व्याख्येत बसत नाही. चार-पाच जणांची रंगकामाची टोळी किंवा दुसऱ्या मजल्याबाहेर एसी बसवणारा तंत्रज्ञ इथेच निसटतो.

मग जबाबदारी कोणाची?

अशा छोट्या कामांत ठेकेदाराइतकाच काम देणाऱ्याचा निर्णय मोलाचा ठरतो. सोसायट्या बहुधा सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारतात आणि दर उतरवताना आधी कात्री लागते ती परांची, जाळी आणि देखरेखीला. त्यावर उपाय म्हणजे सुरक्षेचा खर्च निविदेत वेगळा दाखवायला लावणे आणि त्यावर घासाघीस न करणे. काम सुरू होण्यापूर्वी समितीने चार गोष्टी पाहाव्यात : परांचीवर पूर्ण रुंदीच्या फळ्या आहेत का, कठडा आहे का, परांची इमारतीला बांधली आहे का आणि पट्टा नेमका कुठे अडकवायचा. शेवटच्या प्रश्नाला ठेकेदाराकडे उत्तर नसेल, तर कामगाराला वर चढवू नये.