पाहुणीला काय दाखवायचं?

आमच्या बेलापूरच्या घरी पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. पाहुणा कोल्हापूरचा असो की कॅलिफोर्नियाचा, कार्यक्रम ठरलेला. पहिल्या दिवशी लोकलने मुंबई, गेटवे आणि राणीची बाग. दुसऱ्या दिवशी घारापुरीची लेणी. तिसऱ्या दिवशी पाहुणा दमलेला असतो, मग संध्याकाळी पाम बीच रस्त्यावरून एक चक्कर आणि येताना मॉल. ‘तुमची नवी मुंबई फार स्वच्छ आहे हो,’ असं पाहुणा म्हणतो, आपण खूश होतो, आणि चौथ्या दिवशी तो जातो.

२०२५ च्या जानेवारीत आलेल्या पाहुणीने मात्र ही घडी विस्कटली. त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

आमचा मुलगा पोलंडमध्ये क्राकूव्ह शहरात नोकरी करतो. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. त्याला दिवसभर कचेरी, आम्हाला भाषेचा गंध नाही. अशा वेळी त्याच्या शेजारी राहणाऱ्या बाई देवासारख्या धावून आल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, इंग्रजी बेताचं पण खणखणीत. ‘यांना मी गाव दाखवते,’ असं त्यांनी मुलाला सांगून टाकलं आणि आठ दिवस आम्हाला वर्गातल्या मुलांसारखं रांगेत चालवलं.

क्राकूव्ह ही वॉर्सापूर्वीची पोलंडची राजधानी. टेकडीवर वावेलचा राजवाडा, खाली दोनशे मीटर लांब-रुंद असा भव्य चौक, मधोमध जुनी कापडपेठ. चौकातल्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो आणि सूर अर्ध्यातच तोडतो. शत्रू आल्याचा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात तातारांचा बाण घुसला म्हणे, त्याची ही आठवण. ‘गोष्ट खरी आहे का?’ मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘तुतारी तर खरी आहे ना?’ हे सगळं सुंदर आहे, पण त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या मनात घर करून राहिली ती गावाबाहेरची दोन ठिकाणं.

पहिलं व्हिएलिच्का. तिथे मिठाची खाण आहे. तेराव्या शतकापासून तिथे जमिनीखालचं मीठ खणत होते. १९९६ मध्ये ते काम थांबलं, पण त्याआधीच, १९७८ मध्ये, खाण जागतिक वारशाच्या यादीत गेली होती. लाकडी जिन्याच्या पावणेचारशेहून अधिक पायऱ्या उतरून आपण खाली जातो. शंभर मीटर खोल एक अख्खं प्रार्थनामंदिर मिठात कोरलेलं आहे. भिंतीवरची चित्रं मिठाची, फरशी मिठाची, झुंबराचे लोलकसुद्धा मिठाच्या स्फटिकांचे. आणि हे कोणा राजाने नामांकित शिल्पकार बोलावून केलेलं नाही. खाणीतल्याच कामगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे दोन पिढ्या खपून ते कोरलं. हिने कोणाचं लक्ष नाही असं पाहून भिंतीला बोट लावलं आणि चाटून पाहिलं. बाईंनी पाहिलंच. म्हणाल्या, ‘चाटा, चाटा, सगळेच चाटतात.’ वर आल्यावर आम्ही खाणीतल्या मिठाचा एक खडा विकत घेतला. तो आमच्या घरात टीव्हीशेजारी आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे नोवा हुता, जिथे माझा मुलगा राहतो. १९४९ साली पोलंडच्या साम्यवादी सरकारने क्राकूव्हच्या कडेला पोलादाचा प्रचंड कारखाना आणि त्याच्या कामगारांसाठी एक नवं कोरं शहर वसवायला घेतलं. मध्यवर्ती चौक, तिथून पंख्याच्या काड्यांसारखे निघालेले रुंद रस्ते, सारख्या इमारती, झाडांच्या रांगा. देवळाला जागा नाही. लोकांनी वर्षानुवर्षं झगडून तिथे चर्च बांधलं, ते १९७७ मध्ये पूर्ण झालं. आता तिथे पर्यटक येतात. असल्या कंटाळवाण्या इमारती बघायला पैसे देऊन कोण येतं, असं मला वाटत होतं. पण बाईंनी आम्हाला चौकात उभं केलं आणि पहिलं वाक्य म्हटलं ते असं : ‘ही जमीन शेतकऱ्यांची होती. फार चांगली जमीन. माझ्या आजोबांचं शेत आता त्या कारखान्याखाली आहे.’

त्या चौकात मला एकदम उरण आठवलं. का, ते पुढे येईलच. तिथे मी काही बोललो नाही.

निघताना रिवाजाप्रमाणे ‘एकदा आमच्याकडे या’ म्हटलं. आपल्याकडे असं म्हणतात, कोणी येत नाही. बाई आल्या!

ठरल्याप्रमाणे मुंबई झाली, घारापुरी झाली. तिसऱ्या दिवशी मी पाम बीचची चक्कर काढणार, तोच त्या म्हणाल्या, ‘ती तर मुंबई झाली. आता तुमचं गाव दाखवा.’ मी म्हटलं, आमचं गाव नवं आहे, इथे पाहण्यासारखं काही नाही. त्यावर मास्तरीणबाईंनी विचारलं, ‘नवं म्हणजे? इथे आधी समुद्र होता का?’

मला उत्तर येत होतं. ते चारचौघांत सांगायची सवय मात्र नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, हे मी घडाघडा सांगितलं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घेतली, हे जरा हळू सांगितलं. ‘मग त्या ९५ गावांतलं एक दाखवा,’ बाई म्हणाल्या.

पहिल्यांदा घराजवळचा किल्ला घेतला. बेलापूरचा किल्ला सोळाव्या शतकात सिद्दींनी बांधला. पुढे तो पोर्तुगीजांकडे, मग मराठ्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. किल्ला घेतला तर इथल्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांचा हार वाहीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि त्या बेलावरून बेलापूर, असं सांगतात. रिक्षावाल्याला म्हटलं, किल्ल्यावर ने. तो म्हणाला, ‘किल्ला म्हणजे किल्ला गावठाणचा सिग्नल ना?’ तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन वाटा दाखवल्या. मी या गावात पस्तीस वर्षं राहतो आणि मलाही धड वाट ठाऊक नव्हती, हे पाहुणीसमोर उघड झालं. शेवटी एका बुरुजापाशी पोचलो. बाईंना नवसाची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, ‘तो हार अजून वाहतात का?’ मला कुठे माहीत!

दुसऱ्या दिवशी उरणची लोकल धरली. ही लाइन उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. भूगोलाच्या बाईंना खिडकी मिळाली की दुसरं काही नको असतं. त्या स्टेशनांच्या पाट्या वाचत होत्या. खारकोपर, मग शेमटीखार. ‘दोन्हींत खार आहे. खार म्हणजे काय?’ मी सांगितलं, खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतली जमीन भातासाठी किंवा मिठासाठी तयार करायची, ती खार. हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की घराच्या पत्त्यात सेक्टरचा आकडा लिहिता लिहिता आम्ही या नावांतला अर्थ कधी ऐकलाच नाही.

इथं मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९८३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मी बँकेच्या उरण शाखेत रुजू झालो. तेव्हा शाखेच्या मागच्या अंगाला चालत गेलं की मिठागरं लागायची. उधाणाच्या भरतीला बांधातली झडप उघडून पाणी आत घ्यायचं, एका उथळ तळ्यातून दुसऱ्यात असं फिरवत उन्हात आटवायचं आणि शेवटी पायांनी तुडवून ओट्यासारख्या टणक केलेल्या वाफ्यात सोडायचं. तिथे मीठ धरतं. लाकडी फावड्याने ते ओढून बांधावर ढीग घालायचे आणि पावसाआधी गवताने शाकारायचे. आगरी माणसाचं आगरीपण या आगरातूनच आलेलं. बाया डोक्यावर पाट्या घेऊन बांधावरून चालत, आणि लांबून ते पांढरे ढीग एखाद्या वाडीतल्या घरांसारखे दिसत.

जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला जासई भागात गोळीबार झाला. ५ शेतकरी ठार झाले. त्या दोन दिवसांत आमच्या शाखेत चिटपाखरू फिरकलं नाही. नंतर मात्र मोबदल्याचे धनादेश येऊ लागले. आमच्या शाखेला ठेवींचं उद्दिष्ट होतं, आणि माणसांना सहीऐवजी अंगठा लावून घेऊन मुदतठेवीच्या पावत्या करून देण्याचं काम माझ्याकडे होतं. मी ते चोख केलं. एक म्हातारा पावती हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘सायेब, यो कागुद भिजला तं इरघलनार नाय ना?’ सगळी शाखा हसली. मीही हसलो. त्या वर्षी मला उद्दिष्ट पुरं केल्याबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं.

मी ही गोष्ट कोणत्याही कादंबरीत घातलेली नाही. त्या दिवशी गाडीत बाईंना सांगितली.

उरणला उतरून मी रिक्षा केली आणि आठवणीच्या जोरावर मिठागराकडे निघालो. रस्ते ओळखू येत नव्हते. जिथे ते असायला हवं होतं, तिथे कुंपणाच्या आत एकावर एक पाच-पाच कंटेनर रचलेले होते. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. हे नाव जगभरच्या जहाजांना पाठ आहे, पण मूळ शेवा गाव बंदरासाठी उठलं आणि दुसरीकडे ‘नवीन शेवा’ म्हणून वसलं. बाईंनी कुंपणाचा फोटो काढला. सुरक्षारक्षकाने तो पुसायला लावला.

तिथून चिरनेरला गेलो. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या गावकऱ्यांनी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह केला, गोळीबार झाला आणि ८ जण हुतात्मे झाले. इथे मला निदान सांगता आलं, कारण चिरनेर विसरलेलं नाही. दरवर्षी त्या तारखेला लोक जमतात. स्तंभापाशी एक आजोबा आपणहून आले, माझ्या मराठीला बाजूला सारून आगरी बोलीत आणि हातवाऱ्यांनी त्यांनी बाईंना सगळी हकिगत सांगितली. बाईंना शब्द कळला नसेल, पण डोंगर कुठला आणि पोलीस कुठे उभे होते, हे त्या मला परतीच्या वाटेवर बिनचूक सांगत होत्या.

मिठागरं सगळीच्या सगळी तशीच ठेवायला हवी होती, असं मी म्हणत नाही. ज्या शहराने मला हप्त्यावर घर दिलं, मुलाला शिक्षण दिलं, त्या शहराचा मी लाभार्थी आहे, आणि लाभार्थ्याने फार गळा काढू नये. पण नवी मुंबईला इतिहास नाही, हे वाक्य आम्ही जे येता-जाता बोलतो, ते मला आता खरं वाटत नाही. चांजे आणि रानवडला शिलाहारांच्या काळचे शिलालेख सापडले आहेत. पाहुण्यांना आपण ‘मुंबईची’ म्हणून दाखवतो ती घारापुरीसुद्धा उरण तालुक्यातली. इतिहास आहे. तो सांगायला गेलं की जमीन कोणाची होती, हा प्रश्न पहिल्या वाक्यातच येतो, आणि तिथे आम्ही नव्याने आलेले लोक अडखळतो. नोवा हुतात तेच वाक्य पहिलं म्हणतात, आणि लोक ते ऐकायला तिकीट काढून येतात.

खर्चाची फार मोठी मागणी नाही. खारकोपरच्या फलाटावर ‘खार’ म्हणजे काय, हे चार ओळींत लिहायला किती लागतं? दोन एकरांचं का होईना, एक मिठागर चालतं ठेवावं, शाळेच्या सहली डिसेंबर ते मे तिथे याव्यात, आणि शिकवायला गावातल्याच आजी-आजोबांना मानधन देऊन बसवावं. फावडं धरलेले हात अजून आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी नसतील. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. १० गावं उठून आणि उलव्याचा डोंगर कापून ती धावपट्टी झाली आहे. यापुढचे पाहुणे थेट त्या गावांवरच उतरतील. त्यांना घ्यायला आलेल्या माणसाला त्या दहांतली चार तरी नावं सांगता यावीत. मी पाठ केली आहेत : चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर. उरलेली सहा चालू आहेत.

परतीची गाडी धरण्यापूर्वी आम्ही उरणच्या बाजारात थांबलो. आपण व्हिएलिच्काहून खडा आणला, तसं बाईंना उरणचं खडे मीठ द्यावं, अशी हिची इच्छा. दुकानदाराने एक किलोचं पुडकं दिलं. बाईंनी ते दोन्ही हातांत धरलं, हिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘हे तुमच्या गावचं, असं सांगू ना मी तिकडे?’

मी चष्मा पुसून पुडक्यामागचा बारीक मजकूर वाचला. गांधीधाम, कच्छ.